थरथरणारा बाण

४ फेब्रुवारी, रविवार

सत्यानाश केला! मुलगा सकाळी आला, दुपारी गेला, आणि मधल्या वेळात लॅपटॉपची पार वाट लावून गेला. "बाबा, किती जुनी सिस्टीम ठेवलीय! अपग्रेड करून टाकलं. आता मशीन पळेल बघा." पळालंच की — आमच्या हातातून!

संध्याकाळी उघडलं तर कीबोर्डखालच्या चौकोनावर बोट घासून घासून झिजायची वेळ आली. चौकोन मेलाय. मग तो बिनतारी माऊस हातात घेतला. त्याचा बाण पडद्यावर नुसता थरथरतो, चित्रावर न्यावा तर शेजारी घसरतो. आणि ही आपली खुर्चीत बसून माझ्याकडे बघतेय.

लोकांचा लॅपटॉप बिघडला तर सिनेमा अडतो. इथे हिचं बोलणं अडलंय. अर्धांगाचा झटका आला तेव्हा हिची वाचा गेली आणि उजवा हात गेला. बोलायला शिकवणारी बाई दर शुक्रवारी येते — मी तिला बोलकीबाई म्हणतो, तोंडाचा पट्टा थांबतच नाही — तिने यात चित्रांचा तक्ता बसवून दिलाय. पेला, पंखा, उशी, डॉक्टर, दुखरा चेहरा. ही डाव्या हाताने माऊस सरकवते, चित्रावर दाबते, की मशीनमधली बाई म्हणते, "मला पाणी हवंय." परकी बाई आहे, पण आता तोच हिचा आवाज.

आज तोही नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

मुलाला फोन लावला. "बंद करून चालू करा." केलं. "माऊसचा सेल बदला." बदलला. "बाजूची ती माऊसची बारकी पिन काढून दुसऱ्या खाचेत घाला." घातली. दोनदा खाली पडली, पलंगाखाली शिरून शोधली. "मग बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार."

आलंच! या घरात पंखा बंद पडला तरी मीच काहीतरी दाबलेलं असतं. मी म्हटलं, "आईचा आवाज तू अपग्रेड केलास, आता तूच आणून दे." तर म्हणतो, "मीटिंगमध्ये आहे बाबा, संध्याकाळी करतो." संध्याकाळ होऊन गेली. मीटिंग चालू असेल!

सकाळी दाढी करताना हनुवटी कापली. हल्ली ब्लेडसुद्धा भिकार बनवतात. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, कुणाला ओरखडा उठला नाही. गिऱ्हाईक खुर्चीत घोरायचं, इतका हलका हात. आणि स्वतःच्या हनुवटीला कापूस लावून बसायची वेळ आणली या कंपनीने!

६ फेब्रुवारी, मंगळवार

इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगू?

बाण थरथरला तरी मी कसंबसं नेम धरून दाबलं की चित्र बोलतं. हिने दाबलं की बोलत नाही. हिचा बाण सरळ जातो, पेल्यावर बरोबर थांबतो — आणि दाबलं की एक पांढरी पाटी उघडते, बारीक अक्षरांची. ती मिटवली. हिने पुन्हा दाबलं, पुन्हा पाटी.

म्हणजे मशीन नाही बिघडलेलं. हिचं बोट बिघडलंय. डावा हातही चालला का? तो गेला तर काय उरलं? नुसते डोळे.

मी घाबरलो आणि ओरडलो. घाबरलो की मला ओरडताच येतं. "नीट दाब ना! इतके दिवस जमत होतं, आता काय धाड भरली?" हिने माऊस सोडला आणि माझं मनगट धरलं. घट्ट. सोडेना. डोळे वटारून माझ्याकडे बघत होती, घशातून काहीतरी आवाज काढत होती. मी म्हटलं, "माऊसवरून भांडू नको, तुलाच देतोय." आणि हात सोडवून घेतला.

एवढा जोर आहे हातात, मग एक बटण का दाबता येऊ नये? डोकं चालत नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

शेजारणीला हिच्यापाशी बसवून लॅपटॉप दुकानात नेला. जिना चढून. चष्मेवाल्या दुरुस्तीवाल्याने उघडला, माऊस धरला — लोण्यात सुरी फिरावी तसा बाण फिरला! सगळी चित्रं बोलली. "मला पाणी हवंय, मला पाणी हवंय." दुकानातली माणसं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिचा आवाज असा चारचौघांत!

"काका, याला काही झालेलं नाही."

"घरी थरथरतो तो बाण."

मागे चार्जर घ्यायला उभा होता एक दाढीवाला. म्हणतो, "मग चालवणाऱ्याची सर्व्हिसिंग करून घ्या!" हसले सगळे. अंगाचा तिळपापड झाला. त्याची दाढी माझ्या खुर्चीत असती तर अर्धीच करून घरी पाठवला असता.

घरी आणून माऊस धरला. थरथर सुरू! मुद्दाम करतंय हे मशीन.

८ फेब्रुवारी, गुरुवार

हिला थंडी वाजत होती हे मला दुपारी कळलं. पाणी विचारलं, उशी विचारली, पंखा विचारायचं सुचलंच नाही. डोक्यावर गरगर फिरत होता. मुलाला फोन करून वाटेल ते बोललो. तो पण बोलला. सूनबाईने फोन काढून घेतला.

पेनही टाकाऊ निघालं. अक्षर मुंगीएवढं उमटतंय, ओळीच्या शेवटी तर माझं मलाच वाचता येत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलकीबाई आली. मी दारातच सगळं ओकलो — मुलगा, दुकान, पांढरी पाटी, हिचं बोट. तिने चप्पलही काढली नव्हती. हिचा हात पाहिला, माऊस पाहिला आणि हसायलाच लागली.

"अहो काका, बटणं मी उलटी करून ठेवली होती! डाव्या हाताचं पहिलं बोट उजव्या बटणावर पडतं ना. अपग्रेडने ती परत सुलटी केली. काकूंचं बोट अगदी ठणठणीत आहे."

मी स्वयंपाकघरात गेलो. मग चहा टाकला. ठणठणीत आहे!

बाहेर येईपर्यंत हिचा पेला बोलत होता. खालचा चौकोनही जिवंत झाला. म्हणे नव्या सिस्टीममध्ये माऊस चालू असला की तो आपोआप बंद होतो, ही सोय आहे. सोय! ज्याने ही सोय काढली त्याला एक दिवस हिच्या खुर्चीत बसवा.

मी म्हटलं, "आता तेवढी थरथर काढून द्या." बाईने माऊस फिरवला. बाण स्थिर. हिने फिरवला. स्थिर. मी धरला — थरथर! "बघा! माझ्याच वेळी करतो, हलकट!"

बाई पडद्याकडे बघत नव्हती. "काका, हे कधीपासून?"

"रविवारपासून. अपग्रेड केल्यापासून."

"त्याआधी तुम्ही माऊस वापरायचात?"

"मी कशाला हात लावतोय? माऊस हिचा आहे!"

ती गप्प बसली. ती — गप्प! चहाची बशी माझ्या हातात वाजत होती, ती तिने हळूच काढून घेतली. कपबशाही हल्ली एकमेकींत नीट बसत नाहीत. जाताना विचारते, "तुमचं वय काय हो?" माझ्या वयाचा आणि माऊसचा काय संबंध?

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी हिने खुणेने तक्ता उघडायला लावला. बाण सरळ डॉक्टरच्या चित्रावर गेला. "मला डॉक्टर हवेत." "काय होतंय? छातीत? डोक्यात? सांग ना!" हिने मान हलवली. नाही. पुन्हा डॉक्टर. पुन्हा नाही. मग माझा हात ओढून माऊसवर ठेवला. बाण थरथरायला लागला. हिने आपला हात माझ्या हातावर दाबून धरला.

बाण थांबला.

मंगळवारी मी हात सोडवून घेतला होता. आज घेतला नाही.