तीनपट की एकपट

६ सप्टेंबर, शनिवार
ठरलं. रायफलीला यंदा स्थिर दुर्बीण, तीनपट. फिरवायला काही नाही. मर्ल आणि नेमबाजीच्या क्लबातले बाकीचे फिरवाफिरवीच्या दुर्बिणी लावतात. एकपट, सहापट, परत एकपट. पिस्तूल, रायफल, शॉटगन, तिन्ही घड्याळ लावून चालवायच्या या खेळात माणसाला स्वतःचं मन माहीत हवं. मला आहे. साठीच्या गटात सहा वर्षं सलग पहिला. ऑक्टोबरच्या सामन्यात सातवं.

१० सप्टेंबर, बुधवार
दुर्बीण आली. काच गढूळ. परत पाठवली.

१७ सप्टेंबर, बुधवार
दुसरी आली. हीही गढूळ. जोलीनला बघायला लावलं. तिला कुंपणापलीकडच्या गाईच्या कानातला बिल्ला दिसला, वर त्यावरचा आकडाही वाचला. बायकोला काय, काहीही दिसतं. म्हणाली, डोळे तपासून घे, गुरुवारची वेळ घेतलीय.
रद्द केली. दोष काचेचा आणि तपासायचा मला?

२१ सप्टेंबर, रविवार
तीनपट जवळच्या निशाणांना, पुठ्ठ्याच्या माणसांना, फार मोठी पडते. एकपट मागवली.
स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या पडल्यात. जोलीनला म्हटलं, स्वस्तातला रंग आणलास. ती म्हणाली, जूनमध्ये पांढरा दिलाय, आणि तूच दिलायस.

२ ऑक्टोबर, गुरुवार
एकपटीतून तीनशे यार्डांवरची लोखंडी पाटी दिसत नाही. पाटीचा रंग उडाला असणार. मर्लला सांगितलं. तो म्हणाला, सकाळीच मारलाय.
डोळ्यांची दुसरी वेळही रद्द. बाबांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी आधी ट्रकची किल्ली दिली, मग रायफल. मग नऊ वर्षं व्हरांड्यात बसून होते. मला भीती वाटते. म्हणजे दुर्बीण चुकायची.

११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ६
अंतिम निर्णय: तीनपट. आता बदल नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहिणार नव्हतो.
सामन्यात बदामी पुठ्ठे मारायचे. पांढरे म्हणजे ओलीस, त्यांना लागली की दंड. मला सगळे बदामीच दिसले. नेम मात्र अप्रतिम. चारही ओलिसांच्या छातीत दोन-दोन, मुठीएवढ्या जागेत.
पुढच्याची पाळी येण्याआधी सगळ्यांनी मिळून भोकं बुजवायची असतात. मर्लने चिकटपट्टीची दोन रिळं दिली, एक बदामी, एक पांढरं. मी ओलिसांवर बदामी लावत गेलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मर्ल मागून येऊन एकेक पट्टी सोलत होता. मग अगदी हळू म्हणाला, "हॉइट, रायफल मी नेतो. तू ये सावकाश. गाडीही मीच चालवतो."
वीस वर्षांत त्याने माझी रायफल कधी उचलली नव्हती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
गेलो. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजवा पिकलेला. म्हणजे काच गढूळच होती. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.
बाबांचं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तसं नाही, हे ऑपरेशनने निघतं. आतलं भिंग काढून नवं बसवायचं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते थेंबांच्या औषधाचं, असं जोलीनला सांगितलं.
मग बाईंनी विचारलं, दूरचं हवं की जवळचं? एकच मिळेल, कायमचं. दुसऱ्याला चष्मा.
दूरचं घेतलं तर तीनशे यार्डांवरची पाटी. जवळचं घेतलं तर ही वही, आणि टेबलापलीकडे जोलीनचा चेहरा. मी पाऊण तास बसलो. बाहेर तीन पेशंट. जोलीन मांडीवर पर्स धरून माझ्याकडे बघत होती. एवढ्या जवळून ती कशी दिसते, हे मला नीट आठवेना.
शेवटी विचारलं, "फिरवाफिरवीचं येतं का हो?"
"येतं, पण तुमच्या डोळ्यांना चालायचं नाही."
गाडी जोलीनने चालवली. सिग्नलला माझ्या हातावर हात ठेवला. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. अजून ठरलेलं नाही.