पालवी फुटलेले खांब

तालामांका, मंगळवार

माझ्या ओतिलियाला खूप खूप माया,

मी ठणठणीत आहे. घेवडा-भात रोज मिळतो, तुझ्या हातचा नाही एवढंच.

आम्ही इथल्या दवाखान्याला सोलर पॅनेल बसवली. लोखंडी खांब नदीपलीकडे अडकले, म्हणून मी आपल्या कुंपणासारखे गिरिपुष्पाच्या झाडाचे ओले खांब रोवले. तीन महिन्यांत त्यांना फांद्या फुटल्या, पॅनेलवर सावली आली आणि लशींचा फ्रीज बंद पडला.

नर्स एर्मेलिंदाबाई म्हणाल्या, "अहो, वीज पिकवायला सांगितली होती, कुंपण नाही!"

लगेच छाटणी केली, लशी वाचल्या. कामावरचे साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण तू काळजी करू नकोस.

बाळाला दात आले का?

निघताना आपल्या दारात रोवलेला खांबही आता पालवला असेल. तो छाटू नकोस. मीच येऊन छाटेन.

तुझा एलिसेओ