खडीसाखर विरघळेपर्यंत

टीचर, आज सकाळी साडेसातच्या सुमारास घळीतल्या त्या चपट्या कातळावर करडा परीट येऊन बसला, आणि माझं सगळं बदललं. यंदाचा पहिला. दसरा चार दिवसांवर आला तरी त्याचा पत्ता नव्हता, म्हणून गॅरेज उघडायच्या आधी मी रोज नदीवर जात होतो. तसा हा पक्षी दरवर्षीच येतो. पण आज तो आला तेव्हा माझ्या शेजारी कोण बसलं होतं, ते आधी ऐका. तिचे बाबा.

ती म्हणजे सर्वण गावची. तुम्ही असता तर तिच्याबद्दल सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगितलं असतं. तीन वर्षं झाली, तिचा फोन आला नाही तर मला जेवण जात नाही. आई म्हणते, तुला कुणीतरी काहीतरी घातलंय. तिचे बाबा मूळ दोडामार्गकडचे, खाणीवर ट्रक चालवायला आले नि इथलेच झाले. गेल्या जत्रेत आमच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी चार माणसांत मला ऐकवलं, "कॉलेज सोडून पळालेल्याक मी चेडू देवचंय नाय." मी त्यांच्यावर असा ओरडलो की शेजारच्या खाजेवालीचा तराजू हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "बाबांशी परत एकदा असा बोललास तर माझ्याकडे येऊ नको." ती एक गोष्ट दोनदा सांगत नाही.

माझं डोकं कसं तापतं ते तुमच्याहून जास्त कुणाला माहीत? नववीत मी शेजारच्या बाकावरच्या पोराचं नाक फोडलं तेव्हा हेडमास्तर माझं नाव काढायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "एक रविवार माझ्याकडे द्या त्याला." मला वाटलं, घरची कामं करून घेतील. तर उजाडताना तुम्ही मला घेऊन घळीत. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधून पाऊस संपल्यानंतरचं निवळत आलेलं पाणी, आणि तुम्ही सुती साडीचा पदर कमरेला खोचून, गळ्यात दुर्बीण घालून, दगडावर बसलेल्या. पिशवीतून खडीसाखरेचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवता. "तोंडात ठेव. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. आणि चावायची नाही." मी तो दोन मिनिटांत कडकन् चावला. तुम्ही दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच दुसरा खडा पुढे केला. मग तिसरा. त्या सकाळी मी किती खडे फोडले देव जाणे, आणि तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत. रागावलात नंतर, तुमच्या स्वयंपाकघरात. पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव चहात बुडवून खाऊ घातलेत, आणि मी निघताना सवयीने दार आपटलं. "परत ये," तुम्ही आतूनच म्हणालात. "दार लावायचं असतं. आपटायला ते तुझं काय लागतं?" मला पुन्हा आत घेऊन, पुन्हा बाहेर पाठवून, आवाज न होता दार लावून घेतलंत. मी ते शिकलो असं तुम्हाला वाटलं असेल. पाच वर्षांनी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एका सरांशी भांडून मी बाहेर पडलो तेव्हा त्या वर्गाच्या दाराची कडी निखळली होती. परत गेलो नाही.

तर आज. कुणीतरी तिच्या बाबांच्या कानात घातलं असणार की हा रोज सकाळी घळीत जातो. तीही त्याच वेळी बस पकडायला म्हणून घरातून निघते. त्यांनी दोन्हींची बेरीज केली. सव्वासातला मागून चपला वाजल्या. वळून बघतो तर हे, लुंगी वर बांधलेली, हातात छत्री. पाऊस नव्हता, टीचर.

"बस, बस. उठा नको," ते म्हणाले. "कोण येता ता बघूक इलंय मी."

माझ्या तोंडात खडा होता. अजून ठेवतो मी, सवय झालीय. ते बाजूच्या दगडावर बसले आणि सुरू झाले. "दिवसभर स्क्रू फिरवतंस, आणि सकाळी पाखरां मोजतंस. लग्न झाल्यार माझ्या चेडवाक काय पिसां रांधून घालतलंस?" माझे कान तापले. दातांखाली खडा आला. एक कडक् आणि संपलं, हे मला कळत होतं. मी तो जिभेने गालात सारला आणि समोरच्या कातळाकडे बघत राहिलो. "बोल मां. जत्रेत बरो गळो होतो तुझो."  खड्याचे कोपरे गेले, मग तो डाळीएवढा झाला. तेही दमले. 

आणि तेव्हा तो आला. वरखाली हेलकावे घेत, चिट् चिट् करत, कातळावर टेकला आणि शेपूट हलवायला लागला. पोटाखाली पिवळाजर्द. मी नुसतं बोट केलं.

तिचे बाबा पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. "अरे, ह्यो माझ्या वळखीचो," ते म्हणाले. "खाणीवर ट्रकांची लायन लागलेली असायची, मी चाय पियत बसलेलो, आणि ह्यो टायराच्या चरीतल्या पाण्यात नाचायचो. दर वर्साक. ह्येका नाव काय?"

खडा नुकताच विरघळला होता. "करडा परीट, काका. हिमालयाकडून येतो."

"इतक्या लांबसून? आणि मी म्हटलंय, खाणीवरचोच." मग म्हणाले, "तोंडात काय होतां रे मघापासून? गुटखो?"

"खडीसाखर."

त्यांनी हात पुढे केला. मी एक खडा दिला. आम्ही दोघे गप्प बसलो, परीट उडून जाईपर्यंत. मग छत्री टेकवत उठले. "सांजेक घराक ये. चाय घी. आणि चेडवाक सांगा नको, मी हयसर कशाक इललंय ता."

जिंकलो, टीचर. एकही खडा न फोडता.

आता साडेपाच झालेत, इस्त्रीचा शर्ट घातलाय. एक सांगायचं राहिलं होतं. त्या पहिल्या रविवारी मला परीट दिसलाच नव्हता. घरी जायची घाई होती म्हणून मी "तो बघा" म्हटलं, आणि तुम्ही नवी कोरी वही काढून पहिल्या पानावर माझं नाव लिहिलंत, "पहिला परीट" असं लिहिलंत, आणि वही मलाच दिलीत. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. ते खोटं खरं करायला म्हणून मी एकटा घळीत जायला लागलो, तो अजून जातोय. ती ओळ खोडलेली नाही, आजची तिच्याखालच्या यादीत लिहिली. हा कागद त्याच पानात ठेवतो.

निघतो. दार बाहेरून लावून घेतलंय, ही ओळ पायरीवर लिहितोय. आवाज झाला नाही.