पेल्यातली धार

४ मार्च
पातं मरतच नाही! वैताग आलाय.
माझा नियम साधा — एक पातं, एक गाव. घर सोडल्यापासून हेच. नव्या गावात शिरलो की रेझरमध्ये नवं पातं घालायचं, खिळ्यानं कोपऱ्यावर रेघ मारायची. गाल ओरबाडायला लागले की पिशवी उचलायची. कधी निघायचं याचा डोक्याला ताप नाही.
या सोफे दुरुस्तीच्या कारखान्यात लागलो तेव्हा थंडी होती. आता पंखे सुरू झाले. गाल अजून लोण्यासारखे!

५ मार्च
सगळा दोष आजोबांचा. मालकीणबाईंचे — मावशीचे, सगळे तिला मावशीच म्हणतात — वडील. वरची खोली मला फुकट, बदल्यात रोज सकाळी म्हाताऱ्याची दाढी करून द्यायची. हात थरथरतात त्यांचे. जीभ मात्र नाही थरथरत! गालाला फेस लागला की सुरू — "एक गाव सांग." मी सांगतो. मग प्रश्न. नदी होती का? पूल कसला? कोणी आवडली होती का रे? तो फेस उडून माझ्या तोंडावर.
पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता नियम सांगून बसलो. गाढव मी! तेव्हापासून म्हातारा ईर्ष्येला पेटलाय. "तुझं पातं माझ्याकडं दे. बघतोच कसं बोथट होतं ते!"

७ मार्च
त्यांची रीत अशी. पातं पुसायचं नाही, झटकायचं आणि टॉवेलात दाबायचं. "घासून मरत नाही रे, ओलं राहून मरतं." मग काचेच्या पेल्यात आतून बोटानं दाबून पुढं-मागं, पुढं-मागं. त्या थरथरत्या बोटानं! मला हात लावू देत नाहीत. शेवटी तेलाचा थेंब. मग मावशी पातं रेझरमध्ये बसवून देते. तान्ह्या बाळाचे एवढे लाड होत नसतील.
पेल्यावर बदकाचं चित्र आहे. उन्हाळ्यात बदकं कुठं जातात? कोणाला तरी विचारायला हवं.

८ मार्च
पाय वळवळतात नुसते. जिना चार वेळा उतरलो, चार वेळा चढलो.

९ मार्च
कापडाचे गठ्ठे आणणारा ट्रकवाला परवा समुद्राकडं निघतोय. "शेजारची सीट रिकामी आहे. येतोस का, भोवऱ्या?" (इथं मी भोवराच.) समुद्र! पाहिलेलाच नाही मी. म्हटलं, पातं बोथट झालं की येतो. हसून हसून वाकला. "मग तुझ्या गालाला विचारून गाडी सोडू का?"
फरशीवर चार वेळा घासलं तर? कोणाला कळणार? — नको. नियम म्हणजे नियम.

१० मार्च
मावशी एका जुन्या सोफ्याचे टाके उसवत होती. हातात अर्ध्याला चिकटपट्टी गुंडाळलेलं पातं. कोपऱ्यावर रेघ. माझी रेघ!
"मावशी, हे माझं आहे."
मान वर नाही. "होतं. बोथट झालं तेव्हा घेतलं. टाक्यांना चालतं."
"कधी?"
"थंडी होती अजून." फर्र — शिवण उसवली. "अधूनमधून नवं घालते मी. इथं खोकंभर पडलीयेत. पेल्यात घासून घासून किती टिकणार, खुळ्या?"
"आणि आजोबा?"
तेव्हा कुठं हात थांबला. "त्यांना वाटतं, आपल्या हातानं टिकलंय. तू जाणारा माणूस, जा. पण हे तेवढं सांगून जाऊ नकोस."
वर धावलो. रेझर उघडला. पात्याचा कोपरा कोरा! इतके दिवस मी एकदाही पाहिलं नाही!
म्हणजे नियमानं मी इथं नाहीच. केव्हाच गेलोय! पिशवी भरली. ट्रक उद्या सकाळी.

११ मार्च
आजोबांनी नखावर धार पाहिली. "बघ! अजून जिवंत आहे." खाली ट्रकचा हॉर्न दोनदा वाजला. "एक गाव सांग," म्हणाले. मी फेस लावत राहिलो.
दुपारी खोक्यातून एक नवं पातं घेतलं, खिळ्यानं कोपऱ्यावर तीच रेघ मारली आणि पुढच्या खेपेला घालायला मावशीच्या हातात दिलं.