ठोंब्याच्या पोटातलं चॉकलेट

२ मार्च, सोमवार
आजपासून गोड बंद. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नुसती मान हलवली, तेव्हाच ठरवलं. हिला तसं सांगितलंही. ही म्हणाली, बघू. मनाला लागलं. बायकोनेच विश्वास ठेवला नाही तर माणसाने जायचं कुठे?

३ मार्च
डार्क चॉकलेट गोडात धरत नाहीत. कडू असतं. हृदयाला चांगलं, असंही कुठेतरी वाचलंय. म्हणजे औषधच. दोन मोठ्या स्लॅब आणल्या. घरात उगाच गैरसमज नको म्हणून बुटांच्या कपाटात, माझ्या जुन्या सेफ्टी शूजच्या मागे ठेवल्या. याला लपवणं म्हणत नाहीत. औषध थंड, कोरड्या जागी ठेवायचं असतं. त्या शूजच्या वासामुळे तिकडे कोणी फिरकत नाही, हा जादाचा फायदा.

५ मार्च
कारखान्यात नव्या कामगारांचं ट्रेनिंग घेतलं. सेफ्टी ऑफिसर म्हणून हा माझा आवडता विषय. काही घडलं तर लपवू नका. लगेच सांगा, पूर्ण सांगा, चूक कोणाची ते नंतर बघू. फोरमन म्हणाला, साहेब, आज अगदी मनापासून बोललात. मी नेहमीच मनापासून बोलतो.

७ मार्च, शनिवार, दुपार
ही बाजारात गेली होती, अप्पा केस कापायला. अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले, सोबत त्यांचा कुत्रा ठोंब्या. औषध घ्यायला कपाट उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. कारखान्यातला होता, घ्यावाच लागला. परत येतो तर ठोंब्या चॉकलेटची चांदी चाटत बसलेला. एक स्लॅब पूर्ण गेली होती, दुसरी अर्धी.

मी अजिबात घाबरलो नाही. आधी फरशी पुसली. चांदी, कागद, उरलेली अर्धी स्लॅब, सगळं पिशवीत घालून खाली कचऱ्यात टाकून आलो. मग ठोंब्याला वाटीभर दूध दिलं. दुधाने विष मरतं.

दोघं परत आले. ठोंब्याच्या दाढीला चांदीचा एक तुकडा चिकटून राहिला होता. हिने विचारलं, याला चॉकलेट कोणी दिलं. आणि तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पांच्या खिशात कायम टॉफ्या असतात, हे सगळ्यांना ठाऊक. अप्पांनी खिसे चाचपले. म्हणाले, आठवत नाही गं, पण पडलं असेल माझ्याच खिशातून. मी सांगणारच होतो. पण त्यांनी इतक्या चटकन कबूल केलं की मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन मीच लावला. त्यांनी विचारलं, कुठलं चॉकलेट, किती, कधी, कुत्र्याचं वजन किती. मी म्हणालो, साधं दुधाचं, एखादा तुकडा. अप्पांच्या खिशात तेवढंच मावलं असतं. त्या म्हणाल्या, मग काळजीचं कारण नाही, पण लक्ष ठेवा. थरथरायला लागला तर लगेच आणा. आणि दूध, मिठाचं पाणी, असलं काही आपल्या मनाने पाजू नका. दुधाचा विषय मी वाढवला नाही.

७ मार्च, संध्याकाळ
ठोंब्या एका जागी बसेना. भांडंभर पाणी प्यायला, धापा टाकत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. मग मागचे पाय थरथरायला लागले. अप्पांनी त्याला शालीत गुंडाळला. गाडी मी चालवली. चांगली चालवली.

डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाल्या, एका तुकड्याने असं होत नाही. काय खाल्लंय याने? अप्पा पुन्हा खिसे चाचपायला लागले. मी हिला म्हणालो, अप्पांना जरा बाहेर बसव. दोघांमागे दार लागल्यावर सांगितलं. डार्क. दीड स्लॅब. दूधही सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दुपारी हे कळलं असतं तर उलटी करवून बरंचसं बाहेर काढता आलं असतं. सलाईनची सुई लावता लावता म्हणाल्या, याला बोलता येत नाही म्हणून मी माणसांना विचारते. मी म्हटलं, बाहेर सांगू नका. त्यांनी ठोंब्याचा पाय मला धरून ठेवायला सांगितला. त्याने माझा हात चाटला. चाटायला नको होता.

८ मार्च
ठोंब्या दवाखान्यातच. अप्पा जेवले नाहीत. सगळ्या कोटांचे खिसे रिकामे करून टॉफ्या हिच्या हातात दिल्या. हिने त्या डब्यात भरून वर ठेवल्या. आज सांगणं योग्य नाही. घरात आधीच ताण आहे.

९ मार्च
ठोंब्या घरी आला. शेपटी हलवली. सगळे खूश. अशा वेळी कशाला?

१० मार्च
ऑफिसात काम फार.

११ मार्च
अप्पा गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघतात. आपण सकाळची गोळी घेतली का, हे हिला विचारतात. ठोंब्याचं खाणं तूच घालत जा, माझा आता भरवसा नाही, असं तिला म्हणाले. हिने त्यांच्यासाठी शुक्रवारी विस्मरणाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे. मी म्हणालो, या वयात तपासून घेतलेलं चांगलंच.

हे मी म्हणालो. वरचं वाक्य खोडावंसं वाटतंय.

१२ मार्च, गुरुवार, सकाळ
चहानंतर सांगायचं ठरवलं. शांतपणे, मुद्देसूद. आधी परिस्थिती, मग हेतू, मग घटना. हेतू चांगला होता, हे नीट समजावून द्यायचं.

अप्पा पेपरच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहीत बसले होते. वार, तारीख, महिना, नातेवाइकांची नावं. उद्या डॉक्टर विचारतील म्हणून तयारी. मला म्हणाले, जावईबुवा, हे जरा तपासता का? सगळं बरोबर होतं.

मुद्दे राहिले. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चॉकलेट माझं होतं, कपाट मी उघडं टाकलं, तुमच्या खिशातून काही पडलं नव्हतं.

अप्पा म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

नाही, म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मला वाटलं होतं, रागावतील, किंवा पाठीवर हात तरी ठेवतील. दोन्हीची तयारी होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला, पट्टा घेतला आणि ठोंब्याला घेऊन निघाले. मी येतो, म्हणालो. नको, म्हणाले.

१२ मार्च, त्यानंतर
हिने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. उद्याची अपॉइंटमेंट रद्द करायला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडच्या मुलीने विचारलं, रद्द कशासाठी? मी म्हणालो, पेशंटला काही झालेलंच नव्हतं. ती म्हणाली, मग आणणार का होतात? मी म्हणालो, घरच्यांचा जरा गैरसमज झाला होता.

फोन ठेवला. ही म्हणाली, "घरच्यांचा?"

पुन्हा नंबर लावलाय. एंगेज लागतोय.