फळीवरचे एरंडेल

माय,

आज रविवार, २१ जानेवारी १९६८. दुपारचे सव्वातीन वाजले आहेत. आतापर्यंत घराच्या मागे बांबूचे तट्टे बांधत होतो. हाताला कुसळे लागली आहेत, म्हणून अक्षर वाकडे येईल. सातवीपर्यंतच शिकलो, पण शुद्धलेखन चुकू नये एवढी काळजी अजून घेतो. तुला वाचता येत नव्हते. तरी घेतो.

तुझी एरंडेलाची बाटली तू गेल्यावर नऊ वर्षे फळीवर तशीच होती. बुचाला तेल चिकटून काळे झाले होते, पण तळाशी तीन बोटे तेल शिल्लक होते. तुझी आठवण म्हणून मी ती कोणाला हलवू देत नसे. तुझा शनिवार मला अजून दिसतो. सरकी काढायच्या जिनातून कापूस निवडून येतेस, केसांत रुई, पदराला रुई. चुलीवर कोरा चहा ठेवतेस, त्यात चमचाभर तेल ओततेस, नाक दाबून एका दमात पितेस आणि माझ्यापुढे हात करतेस. मी गुळाचा खडा तयार ठेवलेला असतो. "आता मोकळी होतो बाप्पा," तू म्हणतेस. दर शनिवारी एखाद्या माणसाला हे का लागते, हे मी कधी विचारले नाही. घरात जसा चहा होता तसे एरंडेल होते.

माझे लग्न झाले आहे. तुझ्या सुनेला सातवा महिना लागला आहे. गेल्या आठवड्यात चार दिवस तिला शौचाला झाले नाही. पोट दगडासारखे झाले, जेवण नको म्हणू लागली. शेजारची मावशी आली, तीच, जी तुझ्याबरोबर जिनात होती. "कायले घाबरून राह्यला रे? सासूची बाटली फळीवर हाये ना! दोन चमचे पाज पोट्टीले. तुह्या मायनं सारा जलम घेतलं, काही झालं का तिले?" मी चहा ठेवला, बाटली खाली काढली. पण दोन चमचे म्हणजे कोणते, चहाचे की जेवणाचे, हे मला कळेना. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी चहा उतरवला आणि बाटली घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या नर्सबाईंनी बाटली हुंगली. "कोणासाठी?" म्हणाल्या. सातवा महिना म्हणताच त्यांनी बूच घट्ट लावले. "हे बैलगाडीच्या चाकाला लाव. पोटुशी बाईला एरंडेल द्यायचे नसते. दिवस भरायच्या आधी कळा सुरू होऊ शकतात." मग त्यांनी सावकाश सांगितले. धडधाकट माणसानेही घ्यायचे तर मापाने, सकाळी, कधीतरी एकदा. आठवड्याला घेतले तर आतड्याला तीच सवय लागते. पोटात कळ असेल, उलटी होत असेल तर कोणतेच जुलाबाचे औषध घरी द्यायचे नाही, सरळ दवाखान्यात आणायचे. "आणि ती पाणी किती पिते?" कधी पाहिले नाही, म्हणालो. "काय काम करतोस?" जिनात वजनकाट्यावर असतो म्हणालो. त्या हसल्या. "लोकांचा कापूस तोळ्यापर्यंत मोजतोस आणि बायकोचे पाणी माहीत नाही?"

मी तिथून उठलो नाही. मला छप्पन सालचा तो दिवस आठवत होता. तुलाही सातवाच होता. दोन दिवस तुला शौचाला झाले नव्हते. सकाळी जिनात रुईचे गाठोडे उचलून आलीस, दुपारी एरंडेल घेतलेस, गूळ मीच दिला. रात्री माझी बहीण झाली आणि रडली नाही. त्यानंतर तीन वर्षे, मरेपर्यंत, तू एकच बोलत राहिलीस. भाकरी थापताना, माझे डोके पुसताना. "मीच ते गाठोडं उचललं ना रे. मले तेवढी अक्कल नोती का?" नर्सबाईंना मी विचारले, ते तेलाने झाले असेल का? त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. "आता कोण सांगणार? तेलाने नसेल, गाठोड्यानेही नसेल. कधी कधी होते."

घरी येऊन मी तुझ्या सुनेला पाण्याचे विचारले. तिने मान वर केली नाही. "पाणी पेलं का जा लागते. दिवसा कुठी जाऊ? नाल्याकडं माणसं असतात. तुमी जागा दाखवा, मंग पेतो." दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या काट्याशेजारचा माठ पाहिला. माणसे येतात, पितात, जातात. बायका सुटी होईपर्यंत माठाला हात लावत नाहीत. पाच वर्षे मी त्या माठाशेजारी बसतो आहे. तूही तिथेच होतीस, माय. सकाळच्या अंधारापासून संध्याकाळच्या अंधारापर्यंत कोरड्या तोंडाने. तुझा शनिवार तिथून येत होता.

घरामागे जागा करून देतो म्हणालो, तेव्हा ती दिवसाही पाणी पिऊ लागली. नर्सबाईंनी दिलेल्या औषधाने आणि त्या पाण्याने तिला परवा मोकळे झाले. पेरू खाते, भाजी खाते. काल मी खड्डा खणला, आज तट्टे बांधले, जुन्या फळ्यांचे दार बसवले. ती जाऊन आली आणि कुरकुरली, "दार किती वाजते! साऱ्या मोहल्ल्याले समजते." मी फळीवरची बाटली काढली आणि सगळे तेल बिजागऱ्यांना घातले. आता वाजत नाही.

तुला सांगावेसे वाटते की ते गाठोड्याने झाले नसेल. पण तुझ्या डोक्यावरचे गाठोडे उतरवायला गेलो, तर हातात बाटली द्यावी लागते. म्हणून तू जिवंत असतीस तरी हे पत्र तुला वाचून दाखवण्याचा धीर मला झाला नसता. बांबू तुझ्या वेळीही याच बाजारात मिळत होते. बाबांना सुचले नाही, नंतर मी मोठा होत होतो, मलाही नाही. सगळे मिळून दोन दिवस लागले, माय. दोनच.