बाबा उठले, ७:०५

२ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजच्या प्रोजेक्टचे गट पडले. आमच्यात तिघं. कप्तान — स्वतःच स्वतःला नेमलंय, याद्या करतो. वायर — माझी रूममेट, अंगानेही तशीच, जोडणी-बिडणी तिच्याकडे. आणि मी, कोड लिहिणारी. लिहीन म्हणाले. लिहीन की नाही, देव जाणे.

विषय: एकट्या राहणाऱ्या माणसाची खबर देणारं यंत्र. कप्तान म्हणाला, "भारी ना?" मी म्हटलं, भारी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोजेक्टच्या मॅडमनी कप्तानाच्या सतरा पानी आराखड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "टेबलावर सगळं चालतं रे! खरं घर आणा, खरा माणूस आणा. आणि तुम्हाला काय बनवायचंय ते सांगू नका, त्याला काय हवंय ते सांगा."

कप्तानाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एरवी मला हसू आलं असतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशीचा फोन. घरी आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. "अगं, बाबा अकरा-अकरापर्यंत उठत नाहीत. चार वेळा बेल वाजवावी लागते. तू फोन तरी उचलत जा त्यांचा!"

बरं म्हणाले. फोन परत कपाटात ठेवला. हल्ली तिथेच असतो. आई जाऊन चार महिने झाले. बाबा नि मी बोललो की दोघं मिळून गप्प बसतो, मग त्यापेक्षा न बोललेलं काय वाईट?

एकदाही रडले नाहीये. कुणाला सांगण्यासारखं नाही हे, म्हणून इथे.

९ फेब्रुवारी, सोमवार

गादीखाली ठेवायची पट्टी तयार! वजन आलं की कळतं, उठलं की कळतं. पहिली चाचणी माझ्याच पलंगावर.

११ फेब्रुवारी, बुधवार

वायर दोन तास पट्टीशी झटत होती. सोल्डरचे टाके पुन्हा मारले, तारा बदलल्या. "बिघडलीय गं ही. चौदा तास दाखवतेय. चौदा तास कोण लोळतं?"

पट्टी ठणठणीत आहे, हे मी सांगितलं नाही. पण नंतर तिला कळलं असावं. माझ्या उशाशी चहाचा कप ठेवून गेली. तो थंड झाल्यावर प्यायले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खरा माणूस मिळेना. कप्तानाची आजी म्हणाली, "मला कशाला पहारा?" वायरचे काका ते शेजाऱ्यांवरच नजर ठेवायला मागत होते! मग मीच म्हटलं, माझे बाबा आहेत.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला असं बघितलेलं आवडत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घरी जाऊन लावून आले. बसने दोन तास. घरात इंटरनेट नाही, म्हणून सिमकार्डवालं मशीन. ते दोन ठिकाणी कळवतं: लॅबमधल्या पडद्यावर आलेख, आणि माझ्या फोनवर मेसेज. कप्तानाने मेसेजात "वापरकर्ता क्र. १ सक्रिय" घातलं होतं. मी ते खोडून "बाबा उठले" केलं. नंबर टाकला, डबी बंद केली.

बाबांनी पलंगाखाली वाकून बघितलं. "म्हणजे मी उठलो की कळणार?"

"हो."

"बरं," म्हणाले. मग मी निघाले. पलंगाची आईकडची बाजू नीट घडी घातलेली होती. नुसती बघितली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

१०:५२. ११:१५. १०:४०. आज १०:३०.

कप्तान: "मेसेज येतायत ना?" येतायत म्हणाले. फोन बघितलाय कोणी! आलेख दिसतोय ना, झालं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

८:२०. काल ९:१०. पट्टी सरकली असेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सरकलेली नाही. ७:३०, ७:१०, ७:०५, ७:०५. मावशीलाही विचारलं. "अगं खरंच! दाढी करून बसलेले असतात. काय जादू केलीस?"

कप्तान लॅबभर नाचला. "आपलं यंत्र माणसं उठवतं!" मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "यंत्र नुसतं बघतंय. उठवतंय कोण, ते शोधा."

शोधायची ताकद नाही. मी स्वतः आज साडेदहाला उठले.

३ मार्च, मंगळवार

७:०५.

७ मार्च, शनिवार

सकाळी आलेख कोरा. आठ, नऊ, दहा — काही नाही. वायरच्या तोंडचं पाणी पळालं. मी मावशीला फोन लावला.  "अगं, कधीचे उठलेत! कुंड्यांना पाणी घालतायत," मावशी म्हणाली.

म्हणजे मशीन अडकलं. सोमवारी नऊला सादरीकरण! बसने घरी गेले, मशीन काढलं. बाबा दारापर्यंत मागे आले. "उद्या सकाळी कसं मग?"

"एक दिवस नाही कळलं तर काय होतंय, बाबा?"

 "लवकर आण," एवढंच म्हणाले. निघताना दिसलं, आईच्या बाजूला भिंतीला चार्जर लावलेला होता. बाबांचा फोन तर बाहेरच्या खोलीत होता.

८ मार्च, रविवार

वायरने दुपारी मशीन उघडलं. "सिम भरलंय. वीस मेसेज. जागा संपली की आपला कोड अडकतो. कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"पण हे मशीन पाठवतं. याला कोण पाठवेल?" कप्तान म्हणाला.

वीसच्या वीस एकाच नंबरावरून. नंबर पडद्यावर आला. माझा नव्हता.

जगातला एकच नंबर मला पाठ आहे. पहिलीपासून शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर तोच लिहीत आले. मशीन लावलं त्या दिवशीही बोटांनी तोच टाकला — आईचा. आणि मला कळलंसुद्धा नाही.

"कंपनीच्या जाहिराती असतील," असं म्हणून सिम काढून घेतलं. मशीनला नवं सिम घातलं. सुरू झालं. संध्याकाळपर्यंत सिम मुठीतच होतं. वाचायची हिंमत झाली नाही.

९ मार्च, सोमवार

कपाटातून फोन काढला. सिम घातलं.

पहिला: "कोण?"

दुसरा: "अच्छा. तुझं मशीन होय."

चौथा: "आईच्या फोनवर लावलंस. बरं केलंस. मी तो बंद पडू देत नाही."

नववा: "आज लवकर उठलो. साडेदहा तिला कळवायची लाज वाटत होती."

मग बरेच नुसते "उठलो." "उठलो." "पाऊण तास फिरून आलो."

विसावा: "सात पाच. चिमणे, तू उठलीस का?"

सव्वाआठ वाजले होते. मी आडवीच होते. वायर धावत आली तेव्हा उशी ओली झाली होती आणि मला श्वास घेता येत नव्हता इतकी रडत होते. "काय झालं गं?" तिला फोन दाखवला. तीही रडायला लागली, वेडी!

मग त्याच नंबरावर लिहिलं — उठले, बाबा.